नवव्या दिवसाचं पाणी

बुधवार, २६ ऑगस्ट २०१५. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी भूपाल मगदूम सरांनी भांडं तोंडाला लावलं, अर्धं पाणी प्यायले आणि थांबले.

"केरबा," ते म्हणाले, "विहिरीच्या पाण्याची चव बदललीय का रे?"

ढाले सर कॉटच्या पायथ्याशी पितळी तांब्या धरून उभे होते. "पावसाळा आहे," ते म्हणाले.

मगदूम सरांनी उरलेलं पाणी संपवलं, भांडं स्टुलावर पालथं घातलं आणि डोळे मिटले. आता उद्या चारपर्यंत काही नाही.

मी वेळ आणि दोन्ही वाक्यं वहीत उतरवून घेतली. त्या वेळी मी आमच्या पेपरची तालुका बातमीदार होते, वय अठ्ठावीस. हेरगावच्या हायस्कूलमध्ये मला मगदूम सरांनी गणित शिकवलं होतं आणि ढाले सरांनी इतिहास. निवृत्त झाल्यावरही दोघे बरीच वर्षं शाळेत बिनपगारी तास घेत. मगदूम सर ब्याऐंशीचे, ढाले सर अठ्ठ्याहत्तरचे. एक जैन, एक बौद्ध. गावात त्यांची नावं वेगवेगळी कुणी घेत नसे.

मगदूम सरांच्या पोटातल्या गाठीवर आता इलाज नाही, असं डॉक्टरांनी जूनमध्ये सांगितलं. फार तर सहा-आठ महिने. सरांनी सल्लेखना घेतली. मरण जवळ आलंय हे ओळखून, गुरूंची परवानगी घेऊन, सगळ्यांची क्षमा मागून, एकेक आहार सोडत देह सोडायचा, असं हे जैनांचं व्रत. जुलैत धान्य सुटलं, मग दूध, मग ताक. अठरा ऑगस्टपासून फक्त पाणी, तेही दिवसातून एकदा. पाणी सोडायचं ते पर्युषण लागल्यावर, म्हणजे अजून तीन आठवड्यांनी, असं ठरलं होतं.

एरवी ही बातमी आतल्या पानावर चार ओळींत गेली असती. पण दहा ऑगस्टला राजस्थानच्या उच्च न्यायालयाने सल्लेखना ही आत्महत्या ठरवली होती. सोमवारी ठिकठिकाणी जैन समाजाचे मूक मोर्चे निघाले होते. तालुक्याच्या गावातला मोर्चा मीच कव्हर केला होता. तो निकाल महाराष्ट्रात लागू होतो का, हे नीट कुणालाच सांगता येत नव्हतं. आणि मगदूम सरांना रोजचं पाणी द्यायला त्यांचा बौद्ध मित्र येतो, हे पेपरच्या जिल्हा कार्यालयातल्या उपसंपादक खोतांना कळलं होतं.

"दोन म्हातारे, मध्ये एक तांब्या," खोत फोनवर म्हणाले होते. "पहिलं पान. फोटो लागेल. सहाच्या आत पाहिजे."

फोटो मी काढला होता. कॉट, स्टूल, भिंतीवरची दिनदर्शिका, तिच्या चौकटींत पेन्सिलीने बारीक काहीतरी लिहिलेलं. तिथी असतील किंवा औषधं, असं धरून मी पुढे गेले.

ढाले सरांच्या हातचंच पाणी, ही मगदूम सरांची अट होती. व्रत घेतलं त्या आठवड्यात मंदिर समितीचे अण्णा चौगुले त्यांना समजवायला आले होते. तो प्रसंग मला सरांचा मुलगा सुकुमार याने सांगितला. अण्णा म्हणाले, "सर, शेवटच्या पाण्याला तरी सोवळं बघा." सर म्हणाले, "एकोणसत्तर साली शाळेत याच्या तांब्यातलं पाणी प्यालो म्हणून आईने मला वर्षभर स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नव्हतं. तेव्हा मी गप्प बसलो. आता आई नाही, आणि मला गप्प बसायला वेळ नाही."

अण्णा म्हणाले, "मग पाणी नीट गाळायचं तरी बघा."

त्यावर ढाले सर म्हणाले होते, "दुपदरी फडक्यातून गाळतो, अण्णा. फडक्यात जीव राहिले तर ते परत त्याच विहिरीत सोडतो. भूपालने मला चाळीस वर्षांपूर्वी शिकवलंय. तुमच्या घरात पाळतात का ते विचारा."

तेव्हापासून ढाले सर रोज तीनला यायचे, परसातल्या विहिरीतून पाणी शेंदायचे, गाळायचे, वातीच्या स्टोव्हवर उकळायचे, निवायला ठेवायचे आणि चारला आत न्यायचे. त्या पाण्याला दुसरं कुणी हात लावत नव्हतं.

वर्णनाला चार ओळी हव्यात म्हणून मी परसात गेले. चार वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

सरांची सून त्रिशला स्टोव्हपाशी उकिडवी बसली होती. हातात मोरपिसांचा लहानसा झुबका, समोर वर्तमानपत्राचा कागद. फरशीवरच्या मुंग्या ती एकेक करून कागदावर घेत होती.

"ताई, जपून. पाय बघून टाका."

"कुठे नेता यांना?"

"पेरूखाली सोडते." ती मान वर न करता म्हणाली, "पाच दिवस झाले, इथे मुंग्या येतात. पाण्याला मुंग्या."

आतून सुकुमारने हाक मारली. ती कागद सांभाळत पेरूकडे गेली आणि तिकडूनच आत गेली.

मुंग्यांची रांग स्टोव्हच्या पायावरून वर चढून, पाणी उकळायच्या पातेल्याच्या काठापर्यंत गेली होती. पातेलं जवळजवळ रिकामं होतं, तळाशी घोटभर राहिलेलं. मी बोट बुडवून जिभेला लावलं. गोड. मागून किंचित खारट.

"साखर नाही," मागून ढाले सर म्हणाले. "ग्लुकोज आहे. आणि मीठ."

ते विहिरीच्या कठड्याला टेकून उभे होते. फडकं पिळून खांद्यावर टाकलेलं. पळून जायचा किंवा सारवासारव करायचा काही प्रयत्न नव्हता. वर्गात सनावळ्या सांगायचे तसे उभे.

"कधीपासून?"

"शनिवारपासून. बावीस तारीख."

"मगदूम सरांना माहीत आहे?"

"माहीत असतं तर प्याला असता का?"

"सर, त्यांचं व्रत..."

"व्रत त्याचं. मित्र माझा." त्यांनी आवाज खाली आणला. "डॉक्टर म्हणाले आठ महिने. आठ महिने म्हणजे किती असतात माहीत आहे? रोज संध्याकाळी दीड तास धरला तर किती गप्पा होतात? हा गणिताचा मास्तर, आणि त्याला हे गणित कळत नाही."

"त्यांनी तुमच्या हातचं पाणी मागितलं होतं. फक्त पाणी."

"नसीमा, तुला मुंगीचं भांडण आठवतं?"

आठवत होतं. आमच्या आठवीच्या वर्गात हे दोघे अधूनमधून एकमेकांच्या तासाला घुसायचे. मगदूम सर विचारायचे, वाटेत पायाखाली मुंगी मेली, दोष कुणाला? ढाले सर म्हणायचे, मला दिसलीच नाही, मारायचं मनातही नव्हतं, मग दोष कसला? मगदूम सर म्हणायचे, पण मुंगी मेली ना? तिला जाऊन सांग तुझ्या मनात काय होतं ते. आम्ही मुलं बाकं बडवायचो. तास बुडायचा.

"आमच्याकडे मन बघतात," ढाले सर म्हणाले. "माझ्या मनात काय आहे ते मला माहीत आहे. त्याने जगावं, एवढंच आहे."

"आणि तुमच्या पंचशीलात खोटं न बोलण्याचं एक आहे ना?"

"मी खोटं बोललो नाही. मला कुणी विचारलं नाही."

"आज विचारलं."

खांद्यावरचं फडकं काढून त्यांनी पुन्हा पिळलं. त्यातून पाणी निघालं नाही.

"छापणार?" त्यांनी विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आत माझा फोन वाजला. खोत होते. "मुजावर, पोलीस निघालेत तुझ्याकडे. निनावी अर्ज आलाय, म्हाताऱ्याला उपाशी मारतायत म्हणून. ग्रामीण रुग्णालयाचा डॉक्टर पण आहे बरोबर. तेही घे. सहा म्हणजे सहा."

मी फोन ठेवला तेव्हा ढाले सर पातेलं घासत होते. मुंग्यांना बाजूला घ्यायला ते विसरले नव्हते.

पाच वाजायला दहा मिनिटं असताना जीप आली. फौजदार इंगवले, एक हवालदार आणि वाघमोडे नावाचे तरुण डॉक्टर. जीप बघून गल्लीतली माणसं आली. सोप्यात, म्हणजे पुढच्या दर्शनी खोलीत, पंधरा-वीस जण उभे राहिले. बहुतेक सगळे जैन, शेतातून तसेच आलेले. मागच्या कोपऱ्यात ढाले सरांच्या गल्लीतली दोन पोरं होती, सरांना घरी न्यायला आलेली. पुढे अण्णा चौगुले.

"साहेब, आत जाताना बूट काढा," अण्णा म्हणाले. "आणि एक ध्यानात घ्या. आम्ही कायदा मोडत नाही. पण या व्रतात कुणी हात घातला, पोलीस असो नाहीतर गावातला कोण असो, तर आम्ही बघत बसणार नाही."

शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी कुणाकडे बघितलं नाही. सोप्यातल्या दोघातिघांनी मात्र ढाले सरांकडे बघितलं. मागची दोन पोरं एक पाऊल पुढे सरकली. ढाले सरांनी त्यांना हातानेच थांबवलं.

इंगवलेंनी बूट काढले. कॉटपाशी जाऊन वाकले. "सर, मी इंगवले. त्र्याण्णवची बॅच. तुम्ही मला भूमितीत नापास केलं होतं."

"प्रमेय पाठ करून आला असशील," मगदूम सर म्हणाले. आवाज बारीक होता, पण नीट ऐकू येत होता.

"हो सर."

"आणि आज काय पाठ करून आलास?"

सोप्यात हलकं हसू उमटलं. इंगवलेंनी टोपी काखेत घेतली. "जबाब घ्यायचाय. तुम्ही हे स्वतःच्या मर्जीने करताय का?"

"हो."

"कुणाचा दबाव?"

"एकाचाच आहे." त्यांनी ढाले सरांकडे बोट केलं. "हा रोज येऊन 'जग' म्हणतो."

इंगवलेंनी ढाले सरांकडे बघितलं. "सर, तुमच्या धर्मात हे चालतं का?"

हा प्रश्न जबाबातला नव्हता. पण सगळे ऐकत होते.

"नाही," ढाले सर म्हणाले. "बुद्धानेही अंग वाळेपर्यंत उपास केले होते. त्यातून काही मिळत नाही हे कळल्यावर जेवला. आम्ही मधल्या रस्त्याचे. पण फार लांबचे नाही आम्ही. यज्ञात जनावर मारू नका, हे दोघांच्याही गुरूंनी सांगितलं. करशील तसं भरशील, हे दोघांनी सांगितलं. नियमही पाच-पाच. त्यातले चार तेच." ते एकेक बोट दुमडत गेले. "जीव घेऊ नये. चोरी करू नये. व्यभिचार करू नये..."

चौथ्या बोटावर ते थांबले.

"खोटं बोलू नये," मगदूम सरांनी डोळे न उघडता पूर्ण केलं. "ते राहिलं."

"हो," ढाले सर म्हणाले. "ते."

"भांडण पाचव्यावर आहे, इंगवले. यांचा पाचवा नशा करू नये. आमचा पाचवा अपरिग्रह. धरून ठेवू नये. केरबाकडे तो नाही, म्हणून त्याला सोडवत नाही."

"सोडायला आम्हालाही सांगितलंय," ढाले सर म्हणाले. "अंग जाळून सोड, असं सांगितलेलं नाही."

"आणि आत्मा नाहीच म्हणतोस, तर मग कुणाला अडवून धरलंयस एवढं?"

"तुला."

पुन्हा कुणीतरी हसलं. मी हसले नाही. मी घड्याळ बघितलं. पाच वाजून सात मिनिटं.

डॉक्टर वाघमोडेंनी नाडी बघितली, रक्तदाब घेतला, जीभ बाहेर काढायला लावली. मग बॅगेतून लहान यंत्र काढलं. "सर, बोटाला सुई टोचतो. रक्ताचा एक थेंब."

मगदूम सरांनी हात पुढे केला. यंत्राने आकडा दाखवला तसे डॉक्टरांनी ते जरा लांब धरून परत बघितलं. दुसरी पट्टी काढून दुसऱ्या बोटातून पुन्हा थेंब घेतला.

"किती?" सुकुमारने विचारलं.

"साखर एकशे बारा." डॉक्टर कुणाशी असं नाही, सगळ्यांशीच बोलले. "ब्याऐंशी वय, पोटात गाठ, नऊ दिवस फक्त पाणी. मला साठ-पासष्टची अपेक्षा होती. जीभही ओली आहे." त्यांनी मान वर केली. "पाण्यात काही घालता का?"



"घालणार काय?" अण्णा चौगुले म्हणाले. "व्रत आहे ते. पाणी म्हणजे पाणी."

"मी नुसतं विचारतोय. पाणी देतं कोण?"

उत्तर द्यायची गरज नव्हती. सगळ्यांची डोकी एकाच दिशेला वळली होती. ढाले सरांचा हात तांब्यावर होता. तांब्या रिकामा होता, तरी त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला होता. मी दाराच्या चौकटीत उभी होते. त्यांनी तोंड उघडलं.

त्रिशला माझ्या शेजारी होती. तिने मोरपिसांचा झुबका पदराखाली घेतला.

"डॉक्टर," मगदूम सर म्हणाले, "मी काय पितो ते मला माहीत आहे. मी शुद्धीवर आहे. हे दोन्ही लिहा."

डॉक्टरांनी इंगवलेंकडे बघितलं. इंगवले म्हणाले, "लिहा."

डॉक्टरांनी लिहिलं. ढाले सरांनी तोंड मिटलं. अण्णांनी एकदा तांब्याकडे आणि एकदा कॉटकडे बघितलं आणि ते बाजूला झाले. हवालदाराने जबाब वाचून दाखवला, सरांनी सही केली. अक्षर फळ्यावर असायचं तसंच होतं, उजवीकडे झुकलेलं.

पोलीस बाहेर पडत होते तेव्हा सरांनी सुकुमारला जवळ बोलावलं. पाच वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

"उद्यापासून पाणी नको."

"आप्पा, पाणी पर्युषणात सोडायचं ठरलंय. महाराजांनी सांगितलंय तसं."

"महाराजांना कळव. मी सोडलं."

"पण का? आज डॉक्टर तर म्हणाले, तब्येत..."

"सुकुमार."

सोप्यातल्या एका म्हाताऱ्याने णमोकार मंत्र सुरू केला आणि बाकीच्यांनी तो उचलला. ढाले सर कॉटपर्यंत गेले. ते काहीतरी बोलणार होते. मगदूम सरांनी हात पुढे केला, त्यांच्या मनगटावर ठेवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. मग काढून घेतला.

"घरी जा, केरबा. पोरं थांबलीत."

ढाले सरांनी तांब्या स्टुलावर ठेवला आणि ते बाहेर पडले. माझ्या जवळून गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

मी देवळासमोरच्या कट्ट्यावर लॅपटॉप उघडला. साडेतीनशे शब्द. तांब्या, विहीर, दुपदरी फडकं, एकोणसत्तर साल, पाच नियम, त्यातले चार सारखे. पोलीस आले, जबाब झाला. उद्यापासून पाणीही बंद. पातेलं लिहिलं नाही. लिहिलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी ढाले सरांच्या गल्लीत काय होईल, हे सोप्यात उभी असताना मी बघितलं होतं.

पाच वाजून एक्कावन्न मिनिटांनी खोतांचा फोन आला.

"चांगलं आहे. शीर्षक करतोय, 'नऊ दिवस फक्त पाण्यावर'. कन्फर्म ना?"

"काय?"

"फक्त पाणी. कन्फर्म ना? उद्या कुणी खुलासा पाठवायला नको."

"कन्फर्म," मी म्हणाले.

बातमी गुरुवारी पहिल्या पानावर लागली. खुलासा आला नाही.

भूपाल मगदूम सर रविवारी, तीस ऑगस्टला, सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी गेले. दुसऱ्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानच्या निकालाला स्थगिती दिली. ती बातमी मी वाचली. माझ्या हद्दीतली नव्हती. अंत्यविधीला ढाले सर होते. गर्दीच्या मागे, छत्री मिटून, भिजत उभे. माझी त्यांची नजरानजर झाली. बोलणं झालं नाही.

पुढच्या वर्षी माझी बदली पुण्याला डेस्कवर झाली.

यंदा मे महिन्याच्या शेवटी त्रिशला माझ्या पुण्याच्या घरी आली. तिची मुलगी इथे शिकते. चहा झाल्यावर तिने पिशवीतून प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवलेला एक कागद काढला. दिनदर्शिकेचं पान, ऑगस्ट २०१५.

"घर रंगवायला काढलं तेव्हा सापडलं, असं सगळ्यांना सांगितलंय," ती म्हणाली. "खरं म्हणजे मी तेव्हाच काढून ठेवलं होतं. मामंजी रोज संध्याकाळी मागायचे. मी खिळ्यावरून काढून द्यायची, ते लिहायचे, मी परत लावायची."

"तुम्ही वाचलंत?"

"सुकुमारना दाखवलं नाही. अण्णांना तर नाहीच." ती कप खाली ठेवून म्हणाली, "पाच दिवस मुंग्या मीच उचलल्यात, ताई."

पेन्सिलीचं अक्षर फिकं झालं होतं, पण उजवीकडे झुकलेलं, सरांचंच. अठरापासून एकवीसपर्यंत चारही चौकटींत एकच शब्द, "पाणी". मग:

२२ – पाणी. गोड.

२३ – गोड. उद्या सांगेल.

२४ – गोड. उद्या सांगेल.

२५ – गोड. उद्या विचारतो.

२६ – विचारलं. पावसाळा म्हणाला.

सत्तावीसपासून पुढच्या चौकटी कोऱ्या.

"सव्वीसला तुम्ही सगळे गेल्यावर शेवटचं मागितलं," त्रिशला म्हणाली. "नंतर मागितलं नाही."

मी ते पान दोनदा वाचलं. बावीसला एक घोट घेतल्यावर त्यांना कळलं होतं. तरी ते संपवलं. पुढचे चार दिवसही संपवलं. सव्वीसला उत्तर ऐकून झाल्यावरही त्यांनी भांडं रिकामं केलं होतं. ते माझ्या वहीत आहे.

"ढाले सर कसे आहेत?" मी विचारलं.

"अठ्ठ्याऐंशी चालू आहे. डोळे गेलेत जवळजवळ. रोज चारला आमच्याकडे येतात, सोप्यात बसतात, जातात." ती उठली. "हे त्यांना द्यायचं की नाही, मला कळत नाही. तुम्ही ठरवा. तुम्ही शिकलेल्या आहात."

बारा जूनला दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी माझा फोन वाजला. हेरगावचा नंबर होता. दहा वर्षांत पहिल्यांदा.

"नसीमा? केरबा ढाले बोलतोय. ओळखलंस?"

"सर, बोला ना."

"एक विचारायचंय. तू होतीस तिथे, म्हणून तुलाच." त्यांच्या मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. "भूपालला कळलं असेल का ग?"

"काय, सर?"

"तुला माहीत आहे काय ते. मी दहा वर्षं स्वतःला सांगतोय, कळलं नसणार. कळलं असतं तर पहिल्याच दिवशी भांडं भिरकावलं असतं त्याने. तसाच होता तो. पाणी सोडलं ते डॉक्टरांच्या त्या आकड्यामुळे, लोकांना संशय नको म्हणून. हो ना? तुला काय वाटतं?"

पान माझ्यासमोर टेबलावर होतं. प्लास्टिकच्या फाइलमध्ये, पेपरवेटखाली.

"सर," मी म्हणाले, "तुमचा आवाज तुटतोय."

आवाज तुटत नव्हता. कुकरची दुसरी शिट्टी मला स्वच्छ ऐकू आली.



"असेल," ते म्हणाले. "पावसाळा आहे."

आणि त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर त्यांचा फोन आलेला नाही.